लाल चौकट येत नाही

५ फेब्रु., सोम.
नोएडाच्या हॉस्पिटलच्या कम्प्यूटर विभागातून परत फोन. डॉक्टरांनी पेशंटला न चालणारं औषध लिहिलं, तर आमच्या प्रोग्रॅमने लाल चौकट दाखवायची. ती येत नाहीये. आमच्या ऑफिसात येते, तिथे नाही. आमचे भाटियासाहेब माझ्यावरच: "तुम लोग टेस्ट नहीं करते क्या?" तुम लोग म्हणजे मी एकटी.
आणि परवा आई तिथेच भरती व्हायचीय, पित्ताशयाच्या ऑपरेशनला. तिला पेनिसिलिन चालत नाही. एकदा चेहरा इतका सुजला होता की डोळे दिसेनात. हॉस्पिटल मीच सुचवलं, आपलाच प्रोग्रॅम आहे म्हणून. भीती वाटतेय.

६ फेब्रु., मंगळ.
दिवसभर हॉस्पिटलात. प्रोग्रॅम सुरू होताना एकामागून एक डीएलएल, म्हणजे एकेका कामाची जोडफाइल, उचलतो. बिलाची वेगळी, लॅबची वेगळी, औषधांच्या इशाऱ्याची सगळ्यात शेवटी. फाइल जागेवर. व्हर्जन तेच. ताजी कॉपी टाकली, तरी ढिम्म. आणि एररसुद्धा नाही!
ते का, हे संध्याकाळी आठवलं. डेमोत पाहुण्यांसमोर एरर दिसू नये म्हणून साहेबांनी सगळे मेसेज बंद करवले होते. डीएलएल उचलली गेली नाही तरी प्रोग्रॅम तोंड मिटून पुढे.
दिल्लीत द्वारकेला घरी पोचले तर संजय म्हणतो, "काय गं, भूत बघितलंस?" नवऱ्याला काय सांगणार. काही नाही म्हटलं.

८ फेब्रु., गुरु.
आई काल भरती झाली. ऑपरेशन शनिवारी.
मेसेज चालू केले आणि सापडलं. आमची प्रत्येक डीएलएल विंडोजकडे स्वतःपुरता एक कप्पा मागते. हॉस्पिटलच्या जुन्या विंडोजमध्ये कप्पे मोजकेच, ऑफिसातल्या नव्यात भरपूर. गेल्या महिन्यात साहेबांच्या हौसेखातर आणखी एक डीएलएल घातली. प्रोग्रॅम उघडला की स्क्रीनवर आधी गणपती, समोर दिवा, मग काम. ती पहिली आत बसली, शेवटच्या, इशाऱ्याच्या डीएलएलला कप्पाच उरला नाही. विघ्नहर्ता! देवा, माफ कर, हसूही येत नाहीये.
म्हणजे महिनाभर इशारा बंद. महिनाभर कुणाकुणाला काय काय टोचलं असेल...
भाटिया: "गणेशजी को हटाओगी? पागल हो? संडे को चुपचाप कुछ कर देना. हॉस्पिटल में डॉक्टर-नर्स किसी से एक शब्द नहीं, समझीं?"
आज गुरुवार आहे.

९ फेब्रु., शुक्र.
सकाळीच आईच्या फाइलवर लाल पेनाने मोठ्ठं लिहिलं, पेनिसिलिन नाही. सर्जनना तोंडीही सांगितलं. ते चकित. "माताजी ने तो कुछ बताया ही नहीं!"
आईला झापलं. ती उलट माझ्यावर: "कशाला सांगू? सिस्टरने विचारलं, मी म्हटलं, कम्प्यूटर को सब पता है, मेरी बेटी ने बनाया है." जन्मभर शाळेत मुलांच्या वह्या दोन-दोनदा तपासणारी बाई! वर म्हणते, "शेजारच्या कमलाजींना पण तेच सांगितलं. त्यांना कसल्या तरी इंजेक्शनचा त्रास होतो. म्हटलं, आप बिल्कुल चिंता मत करो."
कमलाजी पलंगावर नव्हत्या, एक्स-रेला नेलं होतं. सिस्टरपाशी गेले. तोंड उघडलं. साहेबांचा चेहरा डोळ्यांसमोर आला. "पानी मिलेगा?" एवढंच विचारलं.
उद्या सांगेन. उद्या नक्की.

१० फेब्रु., शनि.
आईचं ऑपरेशन छान झालं. दुपारी शुद्धीवर आली, चहा मागतेय.
शेजारचा पलंग रिकामा. चादर बदललेली. सिस्टर म्हणाली, "रात को ऊपर शिफ्ट किया." वर म्हणजे आयसीयू. कशामुळे, हे विचारायची हिंमत झाली नाही. कदाचित दुसरंच काही असेल. असेलच.
आई म्हणते, "कमलाजींना वर का नेलं गं? तुझ्या कम्प्यूटरमध्ये बघून सांग ना."
जिन्यात बसलेय. त्यांचा मुलगा आत्ताच औषधांची पिशवी घेऊन वर पळाला. कुठलं औषध चालत नाही, हे निदान त्याला तरी विचारलं असतं तर...