बेल आता वाजते

प्रिय ताई,

समोरच्या रस्त्यावरची झाडं पुन्हा फुलली आहेत. ओट्यावर, उशीवर, बाबांच्या चष्म्यावर, सगळीकडे परागांची तीच पिवळी पूड. तू मला शेंबडी म्हणायचीस, आता तो मान बाबांकडे गेलाय. बाबा दुरुस्तीचं घड्याळ उघडून बसले की हमखास शिंक येते आणि मुंगीएवढे स्क्रू घरभर उडतात. मग आम्ही दोघं रांगत ते शोधायचो आणि हसायचो. यंदा हसणं बंद आहे. शिंकांमागून दम लागतो. डॉक्टर म्हणाले, दुखणं छातीत उतरलंय; औषधं घ्या, पण पराग घरात येता कामा नयेत.

मी कंबर कसली. घरातली पहिली पदवीधर, तीही वनस्पतिशास्त्राची. एवढं तरी जमायला हवं ना? कपडे आत वाळत घालते, ओल्या फडक्याने सगळं पुसते, बाहेरून आले की त्यांना आधी अंघोळीला पिटाळते. नाकातला फवारा, मास्क, सगळं निमूट ऐकतात. फक्त खिडकी लावू देत नाहीत. माझी पाठ वळली की उघडतात. कामाला उजेड लागतो म्हणाले, मी दिवा आणला. कोंडल्यासारखं होतं म्हणाले, पंखा आणला. मी फारच मागे लागले तर म्हणतात, पदवी तुझी, नाक माझं.

परवा खोकताना त्यांचे ओठ निळे पडले, तरी हात खिडकीच्या कडीवर. मी रडले, ओरडले. तेव्हा हळूच म्हणाले, खिडकी लावली की खालची हाक ऐकू येत नाही.

खालच्या दाराची बेल कायमच बिघडलेली. तू रस्त्यातून हाक मारायचीस आणि बाबा मोज्यात घालून किल्ली टाकायचे, आठवतं? तो मोजा अजून खिडकीतच आहे, किल्लीसकट. पुन्हा या दारात येऊ नकोस, असं तू घर सोडलंस त्या दिवशी तुला म्हणाले तेही हेच बाबा. त्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत.

काल मी नवी बेल बसवून घेतली. खाली जाऊन वाजवून दाखवली. वर आले तर खिडकी उघडीच. म्हणाले, छान वाजते गं. पण तिला कुठे माहीत आहे?

म्हणून हे पत्र. मनात नसेल तर येऊ नकोस, ताई. फक्त एक ओळ लिही, बेलचं कळलं म्हणून. ती त्यांना दाखवेन आणि खिडकी लावेन.

तुझीच,
शेंबडी