आप्पांचा पाय

छत्रपती संभाजीनगर,
२ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. अपेक्षा हीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर दोघांनाही रडू फुटतं, म्हणून लिहितो. आईला जाऊन महिना होत आला. कन्नडच्या घाटात ब्रेकवरचा पाय चुकला, एवढंच आप्पांनी पोलिसांना सांगितलं. तेव्हापासून ते दोन घास खाऊन उठतात.

चाळीस वर्षं ती अठ्ठावन्न सालची मोटार त्यांनी लेकरासारखी जपली. (तू तिला आईची सवत म्हणायचीस!) त्यांचा पाय चुकेल हे मला पटेना. शेवटी तो सांगाडा मोतीराम मिस्त्रीकडे नेला. त्याने ब्रेक उघडला, तर आतली रबरं फुगून फाटलेली. ब्रेकच्या डब्यात कुणीतरी इंजिनचं तेल ओतलंय, त्यानं रबर जातं, आप्पासाहेबांचा काय बी कसूर नाय, असं तो म्हणाला. अपेक्षा, आप्पा सुटले गं! आजच त्यांना सांगतो. तो गाढव कोण, तेवढं शोधायचं राहिलं.

जावईबापूंना नमस्कार. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा दादा,
शिवराज


लातूर,
७ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

शोधू नकोस. मीच ती.

खंडेनवमीला माहेरवाशिणीनं मोटारीत तेल घालायचं, हा आपल्या घरचा रिवाज. दरवर्षी आप्पा झाकण दाखवतात. यंदा ते तोरण बांधत होते. मला काय कळत नाही का, या तोऱ्यात मी त्यांना हाकही मारली नाही. हाताशी आलं ते लहान झाकण उघडलं आणि काठोकाठ भरलं. आई शेजारीच कौतुकानं बघत उभी होती. पाचव्या दिवशी ती त्याच गाडीत बसली.

आप्पांना तूच सांग. त्यांचा तरी जीव हलका होऊ दे. माया ठेव म्हणायला मला तोंड नाही.

अपेक्षा


छत्रपती संभाजीनगर,
१२ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. अपेक्षास,
आप्पाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोस्टमनने माझ्या हातात दिलं. दुसऱ्याचं पत्र जन्मात पहिल्यांदा फोडलं. शिवराजला दाखवलेलं नाही. मिस्त्रीचं त्यानं मला सांगितलं, तरी माझाच पाय चुकला, हेच मी धरून बसलोय.

पोरी, तोरण बांधताना मी वळून पाहिलं होतं. तू कुठल्या डब्यात तेल ओततेस ते मला दिसलं. सणासुदीला माहेरी आलेल्या लेकीला काय बोलायचं, म्हणून गप्प बसलो. दसरा झाला की तेल काढून टाकू म्हटलं, आणि विसरलो. कोजागिरीला तुझी आई भावाकडे जायचं म्हणाली, मी किल्ली घेतली. घाटात पेडल रिकामं खाली गेलं तेव्हा आठवलं.

तू अजाणता केलंस. मला ठाऊक होतं. पण खरं बोलावं तर तुझं नाव निघतं. म्हणून माझा पाय चुकला. तूही तेच म्हणायचं.

जपून राहा. उत्तर पाठवू नकोस. पत्र दर वेळी माझ्याच हाती पडेल असं नाही.

आप्पा