तिसऱ्या खेपेची जर्मन

आबा, तुमच्या आणि आईच्या पायावर डोकं ठेवते.

मी बरी हाय, जेवण वेळेवर होतं. आईची टाच दुखायची थांबली का?

एक गोष्ट तुमच्यापासून लपवलीती. जर्मनच्या तोंडी परीक्षेत मी दोनदा नापास झालते. तिसऱ्यांदाही नापास झाले असते, तर इथली नर्सची नोकरी सोडून जर्मनीहून मुरगूडला परत यावं लागलं असतं.

माझ्या खोलीतली केरळची लिसी व्याकरणाचे तक्ते पाठ करून पहिल्याच झटक्यात पास झाली. मीही तसंच केलं, पण तोंड उघडलं की सगळं विसरायचे. मग ड्युटी संपली की आमच्या वृद्धाश्रमातल्या वेबरआजींजवळ जर्मनमध्ये बोलत बसायला लागले. त्या खणखणीत आवाजात चुका काढायच्या, मी परत बोलायचे.

सोमवारी परीक्षकांनी घराबद्दल विचारलं. मी आपल्या गोठ्याबद्दल न अडखळता बोलले आणि पास झाले!

बाहेर येऊन फोन लावला, तर कुणी उचलला न्हाय; तुम्ही डेअरीला दूध घालायला गेला असाल. इथं मराठी समजणारं कोणच न्हाय. शेवटी बसस्टॉपवर एकटीच मोठ्यानं म्हणाले, "आबा, पास झाले की ओ!"

शेजारची बाई दोन पावलं लांब सरकली.

तुमची लेक,
अनुजा