गाडी कोण चालवत होतं

खालापूर
१२ नोव्हेंबर २०२५

प्रिय झुहेब,

सलाम आणि दुआ. आपाचं पत्र बघून दचकला असशील. दचक. मी रविवारपासून दचकलेलीच आहे, तुलाही थोडा वाटा मिळू दे.

आधी खुशाली. थंडी पडली की अम्मीचा गुडघा कुरकुरतो, पण नमाजला खुर्ची घेतल्यापासून तक्रार कमी आहे. अब्बा रोज दुकानात येऊन बसतात आणि गिऱ्हाइकाला गाडीचे पार्ट कमी, सल्ला जास्त देतात. सानिया अकरावीला आहे, कर्जतला कॉलेजला जाते, आणि आईला काही कळत नाही असं तिचं ठाम मत झालंय. तिचे अब्बा सकाळी मला स्कूटरवरून कुंभिवलीला दुकानाशी सोडतात आणि पुढे खोपोलीला कंपनीत जातात. मी दिवसभर कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून लोकांच्या गाड्यांचे विमे भरते. झाली खुशाली.

आता ऐक. रविवारी मी अम्मीकडे होते. आत सुके बोंबील साफ करत होते आणि बाहेर अम्मी तुझ्याशी व्हिडिओवर बोलत होती. तुला माहीत आहेच, ती फोनवर बोलते तेव्हा निम्म्या कुंभिवलीला ऐकू जातं. तू म्हणत होतास की तिथल्या नागरिकत्वाचा अर्ज महिनाअखेरीस जायचाय, आणि आजवर कुठल्याही देशात झालेला एकूण एक दंड त्यात लिहायचाय. तिथला वेगाचा दंड, पार्किंगचा दंड, सगळं. वकील म्हणतो, लहानसहान असलं तरी लिहा, लपवलेलं सापडलं तर जास्त वाईट. बरोबर आहे, मी मनात म्हटलं, पोरगं सरळ आहे. आणि मग तू म्हणालास, "अम्मी, ते पावाच्या टेंपोचं पण लिहावं लागणार. आपाला बोलू नकोस."

अम्मी म्हणाली, "नाय रं, मी कशाला बोलू!"

माझ्या हातातला बोंबील हातातच राहिला. पावाचा टेंपो म्हणजे माझा टेंपो, लग्नाआधी माझ्या हातून ठोकलेला! तुझा त्याच्याशी काय संबंध?

फोन ठेवल्यावर मी अम्मीला धरलं. आधी म्हणाली, काय नाय गं, तिकडचं कायतरी. मग म्हणाली, गुडघा दुखतोय. मी दारात उभी राहिले, म्हटलं, आता तू सांगितल्याशिवाय बोंबील पण नाही आणि कालवण पण नाही. तेव्हा तोंड उघडलं.

"अगं, कोर्टात त्याचंच नाव लागलंय. तू पोरगी, तुझ्याकडे लायसन नाय, त्यात तुझी लग्नाची बोलणी चाललेली. त्याच्याकडे नवं लायसन होतं. अब्बा बोलले, पोरगा हाय, दंड भरील आणि मोकळा व्हईल. त्याने तुझ्यासाठीच केलं गं."

झुहेब, या अल्लाह, मला कुणी सांगितलं का नाही?

मला त्या दिवसाचं एवढंच माहीत होतं. खोपोलीहून दुकानाचं सामान घेऊन आपण दोघं व्हॅनने परत येत होतो. चालवत मी होते, तू शेजारी होतास. अब्बांनीच मला दुकानामागच्या मैदानात शिकवलं होतं, "पोरीचा हात बसलाय" असं गिऱ्हाइकांना सांगायचे. कुंभिवलीच्या वळणाशी गाडीची मागची बाजू अचानक फिरली आणि उभ्या टेंपोवर जाऊन आदळली. पावाच्या लाद्या रस्ताभर. माणसं आपल्याला बघायचं सोडून पाव गोळा करायला धावली. अब्बा दुकानातून पळत आले आणि पोलीस यायच्या आत मला रिक्षात घालून घरी पाठवलं. रात्री म्हणाले, मिटलं. मी समजले, मिटलं!

दुसऱ्या दिवशी खिळ्यावर चावी नव्हती. मी विचारलंही नाही. मीच घाबरून ब्रेक दाबला असणार, माझ्याने गाडी होत नाही, हे मला पटलंच होतं. आजही कुणी ड्रायव्हरच्या सीटवर बस म्हटलं तर मी मागचं दार उघडते. गिऱ्हाईकं विचारतात, मॅडम, सगळ्यांचे विमे तुम्ही भरता, तुमची गाडी कुठली? मी हसते. म्हणते, मला जमत नाही.

आणि तुझ्यावर माझा राग कशाचा होता, ते आता सांगून टाकते. त्या रात्री अब्बा मला बोलत होते आणि तू खाली मान घालून जेवत होतास. माझ्या बाजूने एक शब्द नाही. तेव्हापासून मी तुझ्याशी ईद मुबारकच्या पुढे बोलले नाही. तू इंग्लंडला गेलास त्या दिवशी माझं डोकं दुखत नव्हतं. मला तुला सोडायला यायचं नव्हतं. आणि तू तर माझ्या जागी कोर्टात उभा राहून आला होतास! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. मला माझीच इतकी लाज वाटतेय की तुझा फोटो बघवत नाही.

पण तुझ्यावरही भडकले आहे. अम्मी म्हणाली, वकिलाने तुझ्याकडून खुलासा लिहून घेतलाय: "मी निष्काळजीपणे गाडी चालवत होतो." अरे, खाली सगळं खरं आहे म्हणून सही करायची आणि वर हे? खरेपणाच्या अर्जात खोटं लिहायला तुझा हात कसा धजतो?

सोबत वेगळ्या कागदावर सही करून देते. गाडी मी चालवत होते, लायसन नव्हतं, चूक माझी. वकिलाला दाखव. अब्बा आणि सासरचे काय म्हणतील ते माझं मी बघेन. शेजारच्या वनिताताईंचा अक्षय परवा तिकडे निघालाय, त्याच्या बॅगेत मसाल्याच्या पुड्यांबरोबर हे ठेवते. फोन करू नकोस. फोनवर मी रडेन आणि तू विषय बदलशील. कागदावर लिही.

तुझी ऋणी आणि गुन्हेगार आपा,
तय्यबा


लेस्टर
२० नोव्हेंबर २०२५

प्रिय आपा,

सलाम. मसाला मिळाला. तुझं पत्र गाडीत बसून वाचलं, घरात वाचायची हिंमत झाली नाही. मराठी लिहायची सवय गेलीये, सांभाळून घे.

तू स्वतःला माझी ऋणी म्हणून लिहिलंस. आपा, चूक तुझी नव्हती.

त्या वळणावर एक सायकलवाला मधे आला होता, आठवतं का? तू त्याला बघितलं होतंस. तू अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला होतास, गाडी हळू झाली होती. मला वाटलं तू बघितलंच नाहीस. मी घाबरलो आणि हँडब्रेक ओढला. पूर्ण वर. तो मागच्याच चाकांना लागतो, म्हणून मागची बाजू फिरली. तू टेंपोकडे बघून किंचाळत होतीस तेवढ्यात मी तो परत खाली केला.

अब्बांना कळलं होतं. एवढी वर्षं पार्ट विकलेला माणूस, त्यांनी रस्त्यावरच्या खुणा बघितल्या, फक्त मागच्या चाकांच्या होत्या. तू रिक्षात बसून गेल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. "हँडब्रेक कुणी ओढला रं?" मी सांगितलं. ते म्हणाले, "मग पोलिसांपुढे तूच उभा राहा, फिटलं. आणि घरी काय बोलू नको. पोरीची जात, तिची गाडी आपोआप सुटंल ते बरंच हाय."

मी गप्प बसलो. पहिल्यांदा भीतीने. मग तू बोलणं सोडलंस. मग अम्मी मला जवळ घेऊन म्हणायला लागली, बहिणीसाठी किती केलं माझ्या पोराने. ते ऐकायला बरं वाटायचं आपा. खरंच बरं वाटायचं. नंतर सांगायचं म्हटलं तर जीभ वळेना.

म्हणून मी खुलाशात निष्काळजीपणा लिहिला. तो माझाच होता. पण तुझा कागद दाखवला, तर कोर्टात खोटं सांगितल्याचं निघेल आणि सगळंच अडकेल. बायकोमुलांचं नागरिकत्व झालंय, माझंच राहिलंय. अर्ज पुढच्या आठवड्यात जायचा आहे. मी अजून कागद दाखवलेला नाही. काय करू ते तूच सांग. तू म्हणशील तसं करेन. मी ह्या पत्राचा फोटोच पाठवतोय, तूही उत्तराचा फोटो काढून पाठव, टपालाला वेळ नाही.

तुझा,
झुहेब


खालापूर
२५ नोव्हेंबर २०२५

झुहेब,

सलाम. ह्या वेळी खुशाली नाही.

तुझं पत्र दुकानात वाचलं. समोर एक माणूस ट्रकचा विमा भरायला बसला होता. मी त्याला तीनदा गाडीचा नंबर विचारला आणि तीनदा चुकीचा लिहिला. तो म्हणाला, मॅडम, पाणी प्या. मी पाणी प्याले. पुन्हा वाचलं. तरी तेच लिहिलेलं होतं.

मला वाटलं होतं अम्मीने सांगितलं तोच मोठा धक्का. तो तर काहीच नव्हता रे! मी पाय काढला होता. मी त्याला बघितलं होतं. झुहेब, मला आठवतोय तो सायकलवाला, निळा शर्ट होता त्याचा. इतकी वर्षं मी समजत होते की तो नंतरच्या गर्दीतला कुणीतरी असेल.

मी उठले आणि अब्बांपुढे जाऊन उभी राहिले. ते खुर्चीत बसून ट्यूब तपासत होते. मी विचारलं, "अब्बा, त्या दिवशी हँडब्रेक झुहेबने ओढला होता, तुम्हाला माहीत होतं?"

"कंच्या गाडीचा?"

"आपल्या व्हॅनचा. पावाच्या टेंपोवर गेली होती ती."

ते विचारात पडले. खोटं बोलत नव्हते, मी तोंडाकडे बघत होते. म्हणाले, "असंल गं. लय दिवस झाले. आठवत नाय." आणि पोऱ्याला हाक मारून चहा सांगितला. माझ्यासाठीपण.

विसरले! मी भांडायची तयारी करून गेले होते. ते ओरडले असते, पोरीची जात म्हणाले असते, तर मी दुकान डोक्यावर घेतलं असतं. विसरलेल्या माणसाशी भांडायचं कसं? सानिया तापाने फणफणली होती तेव्हा मी दारात रिक्षाची वाट बघत रडले होते आणि सासरची गाडी खाली उभी होती. चावी माझ्या हातात होती रे. ज्या गोष्टीपायी मी ती चावी लावली नाही, ती आपल्या अब्बांच्या लक्षातही नाही.

मी चहा प्याले. काय करणार? गोड जास्त होता.

आता तुझं. माफ केलं का, ते विचारू नकोस. मला माहीत नाही. अम्मी तुला जवळ घेत होती आणि मी आत भांडी घासत होते, हे सारखं डोळ्यांपुढे येतंय. तू वाईट नाहीस. पण तुला बरं वाटत होतं ना, त्याचे पैसे मी भरत होते.

तरी तुझं वाटोळं व्हावं असं मला वाटत नाही. तू माझा भाऊ आहेस आणि तिकडे तुझा संसार आहे. म्हणून दोन रात्री विचार करून लिहिते. दंड तुला झाला, तू भरलास, तुझ्या नावावर आहे. ते खरं आहे, ते लिही. हँडब्रेक तू ओढलास, तेही खरं आहे, तेही लिही. बापाच्या सांगण्यावरून कोर्टात दुसऱ्याच्या जागी उभा राहिलास, एकोणीस वर्षांचा होतास, तेही लिही. अडकशील कदाचित. उशीर होईल, पुन्हा फी भरावी लागेल, वकील चिडेल. नाकारलंही जाईल. मला सगळं कळतंय, मी रोज हेच कागद बघते. जिथे म्हणशील तिथे येऊन सही करेन, तिकिटाला बांगड्या मोडेन. पण त्या खुलाशातलं "मी गाडी चालवत होतो" हे खोड. तेवढं तुला ठेवू देणार नाही. दंड तू घे, निष्काळजीपणा तू घे, नागरिकत्वही घे. गाडी चालवणं माझं आहे.

आणि माझा आधीचा कागद फाडून टाक. त्यात "चूक माझी" लिहिलंय. हा घे नवा, ह्याच पत्रात, वेगळा कागद कशाला:

कुंभिवलीच्या वळणावर व्हॅन मी चालवत होते. माझ्याकडे लायसन नव्हतं. मी सायकलवाल्याला बघितलं होतं, पाय काढला होता, आणि मी गाडी नीट चालवत होते.

तुझी आपा, आणि त्या गाडीची चालक,
तय्यबा