सहा वर्षांच्या पुढची मुलगी

आई, आज रविवार आहे आणि मला घरात एका जागी बसवत नाहीये. दोनदा चहा ठेवला, दोनदा उतू घालवला. तुझ्या जावयांनी "काय झालंय?" एवढंच विचारलं, तर त्यांच्यावरच खेकसले. तू असतीस तर म्हणाली असतीस, "बस की गं जरा, भिंगरीवानी काय फिरती?" पण तू नाहीस, तुला जाऊन किती वर्षं झाली, आणि मला बोलायचंय ते तुझ्याशीच, कारण ह्या सगळ्याच्या मुळाशी तू आहेस. रागावू नकोस. किंवा रागाव बाई, तेवढंच बरं वाटेल.

तू लासलगावजवळच्या आपल्या गावात अंगणवाडी सेविका होतीस. ज्या मॅडम तपासणीला येणार म्हणून तू पहाटे उठून अंगणवाडीचा ओटा सारवायचीस, तसली मॅडम आता मी झालेय, इथे नाशकात. गाडीवरून येते, पोरांची वजनं बघते, जेवण चाखते, सेविकांना बोलते. चांगलं काम आहे, उगाच नाकं मुरडणाऱ्यांतली मी नाही. सरकारने ठरवलं म्हणून तर गरिबाच्या पोराच्या पोटात रोज गरम घास जातो. पण जे ठरवलेलं असतं त्याला कुठेतरी रेघ मारावी लागते. अंगणवाडीची रेघ सहा वर्षांवर आहे. सहापर्यंत अंगणवाडी, पुढे शाळा. ही रेघ मी तुझ्याकडूनच शिकले.

शहराबाहेर द्राक्षबागांच्या कडेला सुरगाण्याकडून आलेल्या मजुरांची वस्ती आहे. तिथल्या अंगणवाडीत सात-आठ वर्षांची एक मुलगी रोज आपल्या धाकट्या भावाला कडेवर घेऊन यायची. भाऊ तिच्या निम्म्याएवढा. तिची कंबर एका बाजूला वाकलेली, तरी चाल अशी ठसक्यात, की ही वस्ती हिच्याच नावावर आहे! भाऊ जेवायला बसला की सेविका हिच्याही पुढे ताट ठेवायची. मी ते पाहिलं आणि माझ्यातली मॅडम जागी झाली. म्हटलं, हिला इथे जेवायला मिळतं म्हणूनच ही शाळेत जात नाही. शाळेतही जेवण आहे, पाटी-पुस्तक आहे. मी लगोलग शाळेत जाऊन मुख्याध्यापकांशी बोलले. ते भले माणूस, म्हणाले, "पाठवा, वयाप्रमाणे वर्गात बसवू." मग मी सेविकेला सांगितलं, उद्यापासून हिचं ताट बंद. ती म्हणाली, "मॅडम, ती नाय आली तर पोरगं कसं येईल?" मी म्हटलं, "येईल. सवय लागेल." काय तो माझा रुबाब!

आणि आई, हे सांगताना माझ्या डोळ्यांपुढे तू होतीस. माझं सहावं सरलंय, मी पहिलीत आहे. शाळा सुटल्यावर मी तुझ्या अंगणवाडीच्या दाराशी येऊन उभी आहे. आत सुकडीचा गोड, भाजका वास सुटलाय. कालपरवापर्यंत माझ्याही हातावर पडणारी सुकडी तू दुसऱ्या पोरांना वाटतेस. मी हात पुढे करते आणि तू, सगळ्यांदेखत, तो बाजूला सारतेस. "तुझं नाव आता शाळंत हाय. हे ह्या लेकरांचं हाय." मी भोकाड पसरते. बाहेर बाया बसलेल्या आहेत, एकजण म्हणतेसुद्धा, "द्या की ओ थोडी, तुमचीच पोरगी." तू देत नाहीस. त्या दिवशी मला तू आई वाटलीच नाहीस. पुढे मात्र मला तुझा असा अभिमान वाटायला लागला की विचारू नकोस. सेविकांच्या प्रशिक्षणात ही गोष्ट मी हमखास सांगते. बाया डोळे पुसतात, टाळ्या वाजवतात. मीही पाणी पिऊन थोडी थांबते, नाटक्यासारखी.

काल त्या सेविकेचा फोन आला. "मॅडम, त्या दिवसापासनं दोघंबी येईनात. पोराचं वजन आत्ता कुठं वर सरकत होतं हो." आधीच ते पोरगं काडीसारखं. आज सकाळी उठले आणि तडक वस्तीवर गेले. झोपडीला कडी. शेजारीण म्हणाली, आई घेऊन जाते दोघांना बागेत. बागेत गेले तर द्राक्षांची काढणी चाललेली, सगळ्यांचे हात वर, मान वळवायला कुणाला सवड नाही. त्यांची आई क्रेट उचलता उचलता म्हणाली, "अंगणवाडी दुपारी सुटती, मला सुटायला संध्याकाळ होती. मधी ह्याला कोण बघंल? ही शाळंत गेल्यावर?" एवढी साधी गोष्ट, आणि मी शहाणी ताटाला दोष देऊन मोकळी झाले होते. पोरीला शाळेपासून ताट अडवत नव्हतं, भाऊ अडवत होता. ताट काढून घेतल्याने शाळा तर मिळाली नाहीच, दोघांचं जेवणही गेलं.

ती बांधावर सावलीत भावाला मांडीवर घेऊन बसली होती. मला बघून उठली, त्याला कडेवर घेतलं आणि मी काही बोलायच्या आत म्हणाली, "बाई, मी नाय जेवत. ह्याला द्या. मी भाइर बसंन."

मी तिला "उद्या या हं दोघं" म्हटलं आणि निघाले. ताट देईन असं म्हणायला जीभच वळली नाही. वरिष्ठांना विचारावं लागेल, एकीला दिलं तर दहाजणी येतील, असलं काहीबाही मनात. उद्या बैठक आहे, तिथे मागणार आहे मी, वस्तीवरची अंगणवाडी संध्याकाळपर्यंत चालू ठेवा, पाळणाघर द्या, म्हणजे ही पोर शाळेत जाईल. मिळेलच असं नाही. मिळालं तरी उद्याच्या उद्या नाही. तोवर तिने काय खायचं?

घरी आल्यापासून मला एकच आठवतंय आणि त्यानेच मी अशी सैरभैर झालेय. त्या दिवशी माझा हात बाजूला सारलास, पण पोरं घरी गेल्यावर तू दार लावून घेतलंस, कोपऱ्यात बसलीस आणि तुझा स्वतःचा डबा उघडलास. अर्धी भाकरी होती आणि लसणाची चटणी. ती सगळी मला दिलीस. "मला भूक नाय," म्हणालीस. रोजच म्हणायचीस. मी उपाशी राहिले नाही गं कधीच. तुझ्या नियमाची झळ तू स्वतःच्याच पोटावर घेतलीस. गोष्टीचा हा भाग मी प्रशिक्षणात कधी सांगितला नाही, कारण त्यावर टाळ्या पडल्या नसत्या.

पुरे. हे लिहिलेलं पाठवायचं तरी कुठे? बागेतून माणसं आता परतली असतील. गाडीची किल्ली घेते आणि वस्तीवर जाऊन येते. तिला आधी ताटाचं सांगते, उद्यापासून ते माझ्या पदरचं. शाळेचं नंतर.