वरच्या खोलीतलं नेट

मंगळवार, ४ फेब्रुवारी २०२५

वरच्या खोलीत रेंज नाही म्हणून सूनबाई आजही जिन्यात बसून मीटिंग करत होती. मी दोनदा तिला ओलांडून गच्चीवर गेलो. दुसऱ्यांदा ती लॅपटॉपमधल्या लोकांना 'सॉरी' म्हणाली. संयोगिता पुण्याच्या कंपनीचं काम घरून करते. दिवसभर बसून बोलायचं — याला काम म्हणतात! आम्ही खांबावर चढायचो. दिवाळीत पावण्यांसमोर, तिच्या देखत, तसं म्हणालोही.

पण जिन्यात बसलेली बघवत नाही. तीस वर्षं वायरमन होतो मी. एवढंसं नेट वर न्यायला दुसरा कोण कशाला पाहिजे? गपचूप करून दाखवायचं!

बुधवार, ५

राजारामपुरीत कॉम्प्युटरच्या दुकानात गेलतो. तिथली मुलगी विचारते, "काका, राऊटर पाहिजे की ॲक्सेस पॉइंट?" मागं चार गिऱ्हाइकं उभी. म्हटलं, "दोन्ही एकच की!" ती काहीतरी सांगायला लागली, मी ऐकलंच नाही. राऊटर घेऊन आलो.

घरात कुणी नसताना खालच्या नेटच्या डब्यातून वायर काढून वर नेली, नवा डबा माळ्यावर ठेवला. नाव-पासवर्ड खालच्याचाच दिला. वर फुल्ल रेंज! संयोगिता म्हणाली, "अय्या, आज वर पण येतंय!" मी पेपरात तोंड घातलं. मनात मात्र फुगलो होतो.

सोमवार, १०

नेट येतंय-जातंय. रेंज फुल्ल, पण काही उघडत नाही. सकाळी माझ्या मोबाइलवर चालतं, आमच्या हिच्या बंद. संध्याकाळी उलटं. संयोगितानं विचारलं, "मामा, तुम्ही कशाला हात लावलाय का?"

"मी कशाला लावू? तुझा लॅपटॉपच जुना झालाय."

बुधवार, १२

तिची मोठी मीटिंग होती. तीनदा तुटली. दाराबाहेर उभा होतो. तिचा साहेब फोनच्या स्पीकरवर म्हणाला, "संयोगिता, दर वेळी तुझंच नेट कसं जातं?" ती परत 'सॉरी' म्हणाली.

स्टूल आणलं. डबा काढून टाकावा म्हटलं. पण चढताना कुणी बघितलं तर? स्टूल परत ठेवलं आणि खाली येऊन पेपर धरून बसलो. छे!

गुरुवार, १३

नेट कंपनीचा बसवेश आला. वायर धरत धरत थेट माळ्याखाली. "हे कुणी बसवलंय?" सगळे तिथंच — ही, मुलगा सम्राट, संयोगिता. माझ्या तोंडून निघून गेलं, "तुमचाच माणूस बसवून गेला असंल की."

संयोगितानं त्याला झाडलं. "माझी नोकरी जायची वेळ आली! आजच तक्रार करते."

डब्यावर दुकानाचं स्टिकर होतं. बसवेशनं ते वाचलं, माझ्याकडं बघितलं. मग म्हणाला, "असंल ताई. चुकलं आमचं."

सगळे गेल्यावर त्यानं हळू आवाजात मला समजावलं. "काका, घरातल्या प्रत्येक मोबाइलला, लॅपटॉपला राऊटर एक पत्ता देतो. आयपी म्हणत्यात त्याला. बाहेर जायची वाटबी तोच दाखवतो. ॲक्सेस पॉइंट असलं काय करत न्हाय. तो फक्त रेंज लांबवर पोचवतो. तुम्ही घरात दोन राऊटर बसवले. दोघंबी पत्ते वाटाय लागले. ज्याला ह्या नव्यानं पत्ता दिला, त्याला बाहेरची वाटच घावंना." त्यानं नव्या डब्याचं पत्ते वाटणं बंद केलं, आणखी एकदोन गोष्टी बदलल्या. "आता हा ॲक्सेस पॉइंट झाला. एक फोन करायचा की हो, काका!"

दुकानातली ती मुलगीही हेच सांगत होती बहुतेक. मान वर करता आली नाही.

शुक्रवार, १४

नेट व्यवस्थित आहे. मी मोबाइलला हात लावला नाही.

मंगळवार, १८

संयोगिताला कंपनीचं पत्र आलं. एक मार्चपासून पुण्याच्या ऑफिसात यायचं. सम्राटही तिकडंच नोकरी बघणार म्हणे. ही ओट्यापाशी उभी राहून रडली. कुणी मला दोष दिला नाही. कुणाला माहीतच नाही!

गुरुवार, २०

सांगितलं. जेवताना, सगळ्यांसमोर. "डबा मी आणलेला. त्या बसवेशवर खोटा आळ घातला मी. तुझ्या साहेबाला फोन करतो, चूक माझी हाय म्हणून सांगतो. पण पुण्याला जाऊ नगंस."

सम्राट ताटातच बघत राहिला. ही म्हणाली, "आणि मला बी बोलला न्हाईसा?" संयोगिता एवढंच म्हणाली, "मामा, साहेबांना फोन नका करू."

बसवेशला मात्र केला. माफी मागितली. साठी उलटलेला मी, तरी मागितली. तो म्हणाला, "असू द्या, काका. ताईंची तक्रार ऑफिसात गेलीया, तेवढी मागं घ्या म्हणावं." तिनं लगेच घेतली.

शनिवार, २२

संयोगिता माझ्यासमोर येऊन बसली. लग्न होऊन आल्यापासून दीड वर्षात पहिल्यांदाच. म्हणाली, "मामा, नेटचं मनाला लावून घेऊ नका. पुण्याची बदली मीच मागितली होती. दिवाळी झाली तेव्हाच."

का, ते मला विचारवलं नाही.