मंदावलेली टिकटिक

बसवनगुडी, १२ जून २०२५

श्री. बिंदुमाधवभाऊजी यांस,
स. न. वि. वि. पत्र बघून दचकू नका. मोबाईल चार्जिंगला लावला की यांच्या, म्हणजे तुमच्या अण्णांच्या, रेडिओत खरखर येते, म्हणून आमचा फोन निम्मा वेळ बंदच असतो.

बोम्मसंद्र्याच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून यांचा हाच उद्योग. देशोदेशीचे ट्रान्समीटर आपलं नाव तारेच्या यंत्रासारखं टिकटिकत पाठवतात, ते आज जोरात आलं की मंद, एवढंच ऐकायचं. ना गाणं, ना बातमी. तरी मी काही म्हटलं नव्हतं. पण दिवाळीपासून टिकटिक मंदावली आणि दोष आला घरावर. आधी मिक्सर बंद, मग फ्रिज. परवा डोशाचं पीठ फसफसून ओट्यावर आलं. शेजारच्या नरसिंहरावांनाही इन्व्हर्टर काढायला सांगून आले. ते "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणाले आणि दार लावून घेतलं.

आता म्हणतात, हे घर भाड्याने देऊ आणि आनेकलपुढे रानात राहू, तिथे विजेची खरखर नाही. मी बसवनगुडी सोडणार नाही. नाद तुम्ही लावलात, तुम्हीच निस्तरा.

लोभ आहे, पण सध्या रागाखाली दबलाय.
उल्का

बेळगाव, १८ जून

सौ. उल्कावहिनींस,
सा. न. वि. वि. रेडिओ मी दिला, तेव्हा बोलणी मान्य. सूर्याच्या लहरीप्रमाणे सिग्नल चढतो-उतरतो, पण इथे श्रीलंकेची टिकटिक रोज सकाळी ठणठणीत येते. तुमच्याकडे एरियलची वायर गंजली असेल, नाहीतर सेट बिघडला असेल. अण्णा काहीच येत नाही म्हणाले की हेडफोन तुम्ही कानाला लावा आणि नुसती खरखर आहे का ते कळवा. तोवर भाड्याची पाटी लावू देऊ नका.

राग ओसरल्यावर आशीर्वाद द्यावा.
आपला धाकटा दीर,
बिंदुमाधव

बसवनगुडी, २४ जून

श्री. भाऊजी यांस,
स. न. वि. वि. लावला हेडफोन. हे आजही काही नाही म्हणून कपाळाला हात लावून बसले होते, आणि माझ्या कानात टिकटिक अगदी स्वच्छ. वायर धड, सेट धड. इतके महिने हाक मारली की हे मुद्दाम ओ देत नाहीत म्हणून मी चिडत होते, त्याचाही उलगडा झाला.

सांगितलं तर त्यांना नवल वाटलं नाही. आपलेच कान मंदावलेत हे त्यांना ठाऊक होतं. लपवलंत का म्हणून मी खूप बोलले, रडलेही. मग म्हणाले, "गेलेला सिग्नल परत येतो, उल्का. मी वाट बघत होतो."

पुढच्या गुरुवारी कानाच्या डॉक्टरांकडे न्यायचंय. माझ्याने एकटीने होणार नाही. तुम्ही या, आणि त्यांच्याशी जरा मोठ्याने बोला.

लोभ आहेच, तो घेऊनच या.
उल्का